आमच्यात म्हणजे कोणात?

१७ ऑक्टोबर, रात्र

आजच्या सेमिनारमध्ये माझ्याकडून पुन्हा तेच झाले. विषय विवाह आणि नातेसंबंधांचा होता, आणि चर्चा जराशी थांबली की साऱ्या माना माझ्याकडे वळतात, हे या दुसऱ्या वर्षी सवयीचे झाले आहे. (इथे अमेरिकेत आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येते, भारताच्या वतीने उत्तरे देण्याचे तास त्यात धरत नाहीत.) तुमच्याकडे कसे असते, असे विचारल्यावर मी म्हणाले की आम्ही मामाची मुलगी करतो, चुलत्याची नाही. सगळ्यांनी ते भारताचा नियम म्हणून वहीत उतरवून घेतले.

खोलीवर आल्यावर लक्षात आले की मी मनात ‘आमच्यात’ म्हटले होते. मराठीत ‘आमच्यात चालते’ म्हणताना जातीचे नाव घ्यावे लागत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असते. इंग्रजीत येताना त्या शब्दातली जात गळून पडली आणि उरला तो सबंध देश. वास्तविक उत्तर भारतातल्या बहुतेक हिंदू जातींत मामेबहिणीशी लग्न निषिद्ध मानतात.

पुढच्या आठवड्याच्या वाचनात नेमका डॉ. आंबेडकरांचा जातिसंस्थेवरील निबंध आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये, वयाच्या २५व्या वर्षी त्यांनी तो वाचला. म्हणजे ते माझ्यासारख्याच खुर्चीवर बसले होते. पण तुमच्याकडे कसे असते, याचे उत्तर देण्यासाठी नव्हे. मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येईल, अशा कल्पनेने ते सुरुवात करतात आणि मग सेनार, नेसफिल्ड, रिस्ले या पाश्चात्त्य अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासतात. केतकरांनाही ते सोडत नाहीत. ज्ञानकोशकार केतकर त्यांच्याआधी काही वर्षे कॉर्नेलमध्ये याच विषयावर लिहून गेले होते. एतद्देशीय असून त्यांनी चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने अभ्यास केला, असे आंबेडकर मान्य करतात, आणि लगेच दाखवून देतात की जन्मावरून सभासदत्व आणि बाहेर लग्नास बंदी ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पुढची मांडणी जवळजवळ गणितासारखी आहे: गटातच लग्ने व्हायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे, नवरा किंवा बायको मेल्यावर मागे उरलेल्याची सोय लावली पाहिजे, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालिकाविवाह या त्या सोयी होत. साताऱ्याच्या शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्याने हे लिहिले. त्या शाळेचा उल्लेख निबंधात कुठेही नाही.

मी साताऱ्याचीच. मला मात्र तिथे बाक मिळाला होता, आणि ‘आमच्यात’ हा शब्द कधी उलगडून सांगावा लागला नव्हता.

तिकडे सकाळ झाली होती, म्हणून आईला फोन लावला. ती म्हणाली, “आपल्यात मामाची मुलगी करतात की. समोरच्या वहिनी कोकणस्थ, त्यांच्यात नाही करत. पण तुला कॉलेजात हे कशाला लागतं?”

वर्गासाठी दुरुस्तीची मेल लिहिली आहे. पहिल्या ओळीतले ‘आम्ही’ खोडून तिथे ‘साताऱ्याकडचे मराठे’ असे घातले आहे. अजून पाठवलेली नाही.