०.४५ ग्रॅम की ०.५३? एअर पिस्तुलाचा छर्रा निवडताना माझा अनुभव

१० मीटर एअर पिस्तूल मारणाऱ्यांत "हलका घेऊ की जड?" हा वाद चहाइतक्याच नेमाने होतो. एक जण ठासून सांगतो की पिस्तुलाला हलका आणि रायफलीला जड. दुसऱ्याने कुठल्यातरी ऑलिंपिकवाल्याच्या डब्यावर जड बघितलेला असतो. शेवटी मी सहा डबे, एक बेंच व्हाइस (टेबलावरचा शिकंजा) आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन बसलो. दोन सकाळी आणि अडीचशेच्या आसपास छर्रे गेले. आकडे माझ्या नळीचे आहेत, पद्धत मात्र कुणालाही चालेल. (रेंजवर सगळे पेलेटच म्हणतात, इथे लिहायला छर्रा सोपा.)

सामन्याचे ४.५ मिमी छर्रे साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅमपर्यंत मिळतात, ग्रेन या बंदुकवाल्यांच्या वजनाच्या मापात ७ ते ८.२. आरडब्ल्यूएस कंपनीचा आर-१० छर्रा या दोन्ही टोकांना आहे, एच अँड एन आणि जेएसबी या कंपन्यांकडे मधली वजनंही आहेत. घडण सगळ्यांची एकच: चपटं डोकं, बारीक कंबर, मागे पोकळ घेर. चपटं डोकं कागदाला पंचने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडतं, म्हणून सामन्यात तेच चालतं. डब्यावर 'पिस्तूल' किंवा 'रायफल' असं छापलेलं असतं. ते वजनाचंच दुसरं नाव समजा, हुकूम समजू नका.

चाचणीला बसण्याआधी कागद-पेन घेतलं आणि अर्धा वाद तिथेच मिटला.

पिस्तुलाच्या टार्गेटवर १०चं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं, आणि भोकाची कड रेषेला टेकली तरी १० मिळतात. म्हणजे ५.७५ अधिक २.२५, भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत असला की १०. पुढचं प्रत्येक वर्तुळ आणखी ८ मिमी लांब. पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकात धरतात, त्यामुळे तिथे १०.१ आणि १०.८ एकाच भावाने जातात. फक्त बरोबरी झाली की आतले दहा (१०च्या आतल्या छोट्या वर्तुळातले) मोजतात. दशांश मोजायची वेळ फायनलला येते, आणि तिथे दर ०.१ म्हणजे ०.८ मिमी.

आता समजा हाताचा पसारा, म्हणजे हात हलल्यामुळे भोकं जेवढ्या व्यासात पसरतात तो, ८च्या वर्तुळाएवढा, ४० मिमीच्या आसपास आहे. बहुतेकांचा तेवढा असतोच. छर्ऱ्याचा स्वतःचा पसारा ३ मिमी असेल तर दोन्ही मिळून ४०.१ मिमी होतात, ६ मिमी असेल तर ४०.४. दोन्ही पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. छर्रा दुपटीने वाईट निघाला तरी एकूण फरक तिसऱ्या भागाएवढ्या मिलिमीटरचा. ६०० पैकी ५५० च्या खाली मारणाऱ्याने छर्ऱ्यावर डोकं खपवण्यापेक्षा ट्रिगरवर खपवावं, हे माझं स्पष्ट मत आहे. पसारा २० मिमीवर आला की हाच फरक ०.७ मिमीपर्यंत जातो, आणि रेषेवरचे एक-दोन छर्रे आत की बाहेर हे त्यावर ठरू लागतं.

हलक्या छर्ऱ्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: तो नळीतून लवकर सुटतो, म्हणून हात हलायला वेळ मिळत नाही. माझ्या पिस्तुलात क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) ०.५३ चा सरासरी वेग सेकंदाला १४८ मीटर आला, ०.४५ चा १५८. नळी सुमारे २४ सेंमी. वेग नळीत एकसारखा वाढतो असं धरलं तरी जड छर्रा साधारण ३.२ मिलिसेकंद नळीत राहतो आणि हलका ३.०. फरक ०.२ मिलिसेकंदाचा. टार्गेटवर सेकंदाला १०० मिमी वेगाने नेम घसरत असला, तरी एवढ्या वेळात तो सरकतो ०.०२ मिमी. हा मुद्दा मी तिथेच खोडला.

खरा फरक पडतो तो उंचीत. १० मीटर जाईपर्यंत जड छर्रा नळीच्या रेषेपासून २२ मिमीच्या आसपास खाली येतो, हलका २० मिमीच्या आसपास. व्हाइसमध्ये काही न हलवता जडाच्या जागी हलका घातला तेव्हा टार्गेटच्या कार्डावर ग्रुप (लागोपाठच्या भोकांचा झुबका) अडीच ते तीन मिमी वर गेला, हिशेबाशी जुळलं. बरेच जण इथे फसतात. सरावाला स्वस्त हलका छर्रा वापरायचा, सामन्याच्या सकाळी महागडा जड डबा फोडायचा, आणि मग सायटिंगच्या (सामन्याआधी नेम जुळवायच्या) पंधरा मिनिटांत "आज खाली का लागतंय" म्हणत पकड बदलत बसायची. पकडीचा काही दोष नसतो. सायटचे क्लिक (नेम जुळवायच्या स्क्रूचे टप्पे) दोन-तीनच लागतात, पण ते कशामुळे लागताहेत हे ठाऊक असायला हवं.

हिशेबाने आणखी एक उद्योग बंद पाडला: छर्रे तोलण्याचा. सोनाराच्या मिलिग्रॅम काट्यावर एकेक छर्रा तोलणारे लोक आहेत. ०.५३ मध्ये ०.००५ ग्रॅम इकडेतिकडे झालं तर वेग अर्धा टक्का बदलतो, आणि कार्डावर ०.२ मिमी. पाचशे छर्रे तोलायला अख्खी दुपार जाते, हाती एवढंच. त्यापेक्षा डोळ्यांनी बघा. घेराची कड चेपलेली, डोक्यावर शिशाची कणी चिकटलेली, कंबरेपाशी तिरका, असे छर्रे वेगळे काढायला पाचशेच्या डब्याला वीस मिनिटं लागतात. चेपलेल्या घेरातून हवा एका बाजूने निसटते आणि नळीतून बाहेर पडतानाच छर्रा कलतो, आणि तो छर्रा थेट ९ मध्ये जाऊ शकतो. हलक्या छर्ऱ्यांचा घेर पातळ, त्यामुळे कुरिअरमधून आदळत-आपटत आलेल्या डब्यात असे जास्त निघतात.

आता चाचणी.

पिस्तुलाची लाकडी मूठ सोडवली आणि फ्रेम दोन्ही बाजूंनी रबराचे तुकडे लावून व्हाइसमध्ये धरली. पकड फ्रेमवरच हवी. नळीवर दाब आला तर ग्रुपचा आकार बदलतो, आणि हवेचा सिलिंडर व्हाइसमध्ये धरायचं तर नावच काढू नका, त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. व्हाइस टेबलाला बोल्टने आवळलेला हवा. सी-क्लॅम्पने लावलेला दर बाराला केसभर सरकतो आणि आपण दोष देतो छर्ऱ्याला. पहिले पाच बार व्हाइस बसायला घालवायचे, ते मोजायचे नाहीत.

रेग्युलेटरचंही (दर बाराला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचंही) तसंच. पिस्तूल रात्रभर पडून असलं की पहिले दोन-तीन बार वेगळ्या वेगाने जातात. वेगात ३ मीटरचा फरक पडला तर कार्डावर ०.९ मिमी उंची बदलते. एकाच छर्ऱ्याचे दहा बार क्रोनोग्राफवर घेऊन बघा. वेग त्याहून जास्त वर-खाली होत असेल तर छर्रे तपासण्यात अर्थ नाही, आधी रेग्युलेटर तपासायला द्या. सिलिंडर अर्ध्याच्या खाली जाऊ दिला नाही, दर दोन प्रकारांनंतर भरून घेतला.

छर्रा बदलला की नळीही थोडी "सवय" करून घेते. आधीच्या छर्ऱ्याचं शिसं आणि वंगण आत असतं. म्हणून दर बदलाला नळी पुसायचे फेल्टचे दोन बोळे मारले, मग नव्या प्रकारचे दहा छर्रे फुकट, आणि त्यानंतर पाच-पाचचे सहा ग्रुप, दर ग्रुपला नवं कार्ड. सहा प्रकारांना मिळून मोजायचे १८० आणि फुकटचे ६०. छर्रा भरताना बोटाने तो नळीच्या तोंडाशी सपाट बसेपर्यंत दाबायचा, दर वेळी तेवढाच. अर्धवट बाहेर राहिलेला छर्रा बंद होणाऱ्या बोल्टने (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याने) ढकलला जातो आणि घेराला दात पडतो.

मोजणी व्हर्निअरने. ग्रुपच्या दोन टोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा. इथे डोळे झाकून ४.५ वजा करू नका. कागद थोडा आत येतो, भोक ४.५ पेक्षा किंचित लहान दिसतं. त्याच कार्डावर एकटं भोक मोजून तोच आकडा धरा.

सहा ग्रुप कशाला, एक पुरे नाही का? नाही. माझ्या सगळ्यात चांगल्या डब्याचा सगळ्यात लहान ग्रुप मध्य ते मध्य २.१ मिमी होता आणि सगळ्यात मोठा ४.४. छर्रा तोच, व्हाइस तोच, सकाळ तीच. पाच बारांचा एकच ग्रुप बघून "हा छर्रा माझ्या पिस्तुलाला मानवतो" म्हणणं म्हणजे नाणं एकदा उडवून त्याला खोटं ठरवण्यासारखं आहे. पिस्तुलासोबत कारखान्यातून येणारं ते सुंदर टेस्ट कार्डही असंच एका ग्रुपचं असतं, फ्रेम करून लावायला ठीक.

निकाल असा. ०.५३ मधला सर्वोत्तम डबा सरासरी ३.१ मिमी, ०.४५ मधला सर्वोत्तम ३.४. एवढा फरक तीस बारांत योगायोगानेही येऊ शकतो, त्यावरून मी जडाला विजयी करणार नाही. डोळे उघडले ते दुसऱ्याच ओळीने: एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, एकाच वजनाचा, ४.५० मिमी डोक्याचा छर्रा, फक्त लॉट (कारखान्यातली खेप) वेगळे. एकाची सरासरी ३.१, दुसऱ्याची ४.९. दोन वजनांत जेवढा फरक नव्हता त्याच्या कितीतरी पट दोन लॉटांत निघाला. साचा झिजतो, बदलला जातो, आणि डब्यावरचं नाव तेच राहतं. लॉट क्रमांक डब्याच्या मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरात असतो, दुकानदाराला तो वाचून दाखवायला लावा.

डोक्याच्या मापाचंही थोडं. ४.४८ पासून ४.५२ पर्यंत मापं मिळतात. माझ्या नळीत ४.५२ भरताना अंगठ्याला जोर लागत होता आणि ग्रुप उभा लांबट येत होता. ४.४९ आणि ४.५० मध्ये मला फरक दाखवता आला नाही, मग दुकानात जे सहज मिळतं ते ४.५० ठेवलं. मापांच्या आहारी जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की लॉट बदलला की हेही गणित बदलू शकतं.

मग वजन कशावर ठरवलं? सरावाच्या छर्ऱ्यावर. दिवसाला ८० ते १०० बार धरले तर पाचशेचा डबा पाच-सहा दिवसांत संपतो, आणि एवढा सराव महागड्या छर्ऱ्याने परवडत नाही. मला ज्या वजनात स्वस्त सरावाचा आणि चांगला सामन्याचा असे दोन्ही छर्रे वर्षभर मिळू शकत होते, ते ०.५३ होतं. दोघांचा वेग क्रोनोग्राफवर दीड मीटरच्या आत जुळला, कार्डावर मध्यही अर्ध्या मिमीत जुळला. आता डबा बदलला तरी सायटला हात लावायला लागत नाही. तुमच्या दुकानात हे जुळणं ०.४५ मध्ये होत असेल तर बेलाशक ०.४५ घ्या. व्हाइस नसेल तर मनगटं वाळूच्या पिशवीवर टेकवून ही उंचीची तुलना तरी करता येते. बारीक फरक त्यातून कळणार नाहीत, अगदी वाईट लॉट मात्र कळतो.

०.२२ इंची पिस्तुलाच्या २५ मीटरवाल्यांना ही डोकेदुखी निम्मीच असते. सामन्याच्या जवळपास सगळ्या गोळ्या ४० ग्रेनच्याच, त्यांना फक्त वेग आणि लॉट बघायचे.

चांगला लॉट सापडला की त्याच क्रमांकाचे डबे एकदम घ्या. मी दहा घेतले, सामन्यांपुरते आणि सामन्याआधीच्या महिन्याच्या सरावापुरते वर्षाला पुरतात. किनारपट्टीच्या पावसाळ्यात उघडा डबा महिनाभर राहिला तर शिशावर पांढरी भुकटी धरते, ती नळीत जाते. लाकडी कपाटातली हवा शिशाला आणखी वाईट, म्हणून डबे झाकणाच्या स्टीलच्या बरणीत ठेवतो, आणि एका वेळी एकच फोडतो. डब्यावर चिकटपट्टी लावून लॉट, उघडल्याची तारीख आणि सायटचे क्लिक पेनाने लिहितो.

आणि दहावा डबा फोडायची वाट बघू नका. जुन्या लॉटचे निदान दोनशे छर्रे शिल्लक असतानाच नव्या लॉटचा एक डबा आणून दोन्ही एकाच सकाळी, एकाच व्हाइसमध्ये शेजारी मारून बघा. जुना संपल्यावर तुलना करायला उरते ती फक्त आठवण, आणि आठवणीतले ग्रुप नेहमी लहानच असतात.