आमची वाटचाल : झिरी न मारता

परळच्या गाळ्यातून आम्ही चाळींचे वायरिंग आणि सोसायट्यांचे मीटर-बोर्ड केले. त्या वर्षांबद्दल काय लिहायचे? लिहायचे ते दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या संग्रहालयाच्या दालनाबद्दल. नाव घेत नाही, रिटेन्शनची (काम झाल्यावरही राखून ठेवलेली) रक्कम अजून यायची आहे.

पहिल्या टेंडरला आम्ही एल-टू, म्हणजे कमी दरात दुसरे होतो. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराच्या पार्टीचा दर इतका कमी कसा, ते दालनात गेल्यावर कळले. ग्राइंडरने मालाड दगडाला थेट झिऱ्या (वायरिंगसाठी कापलेल्या खाचा), आत पीव्हीसी पाइप, वरून सिमेंट. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडते. एका पावसाळ्यात कडेने दगडाचे पापुद्रे सुटले, मग आम्हाला बोलावणे आले. काम आम्ही केले, पण आधीचे नुकसान कोणाच्या माथी यावर फाइल फिरत राहिली आणि बिल आमचे अडकले. लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात उधारी बंद झाली, गाळा गहाण पडला, दोन वायरमन सोडून गेले.

अण्णा राहिले. सुरुवातीपासूनचे भागीदार, मूळचे सुतार. सागवानी केसिंगची (वायर झाकणाऱ्या लाकडी पट्ट्यांची) पट्टी न् पट्टी नंबर घालून उतरवायची, आतली जुनी रबरी वायर काढायची (बोट लावले की चुरा), नवी ओढायची आणि भिंतीतल्या जुन्या लाकडी गुट्टीतच स्क्रू परत बसवायचा. केसिंग नव्हते तिथे कॉर्निसच्या (छतालगतच्या नक्षीपट्टीच्या) मागून तांब्याची मिनरल केबल. दगडाला नवे भोक नाही. प्रत्येक सर्किटला ५०० व्होल्टचा मेगर (वायरचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र), तोही हँडलवाला. डिजिटल आणून दिला तो अजून खोक्यात आहे. लघुचित्रांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर उजेड गेला की अण्णा स्वतःच दिवा मंद करत.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. दालनात एसी लावायचा तर रात्रीही चालू ठेवा, नाहीतर लावूच नका. संध्याकाळी बंद केला की मुंबईची दमट हवा आत शिरते, लाकूड फुगते, सकाळी पुन्हा आकसते, आणि चित्राचा रंग सुटतो. आणि प्रत्येक एसीला स्वतंत्र ब्रेकर द्या. २०१८ मध्ये रिओचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. आग एसीपाशी लागली आणि एसींना वेगवेगळे ब्रेकर नव्हते, असे तिथल्या पोलीस तपासात निघाले. आमच्याकडे मात्र ब्रेकरचा खर्च आधी कापतात.

परवा दुसऱ्या एका संग्रहालयाचे टेंडर उघडले. पुन्हा तीच पार्टी एल-वन. अनुभवाच्या कागदांत त्यांनी आमच्या दालनाचा फोटो जोडलाय, अण्णांच्या केसिंगसकट. आम्ही लेखी हरकत घेतली आहे.