झोपाळा, कडीपाट आणि ८ हर्ट्झ

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात माडीवर झोपाळा आहे. सागवानी पाट, पितळी कड्या, आजोबांच्या वेळचा. दुपारचा चहा झाला की आई त्यावर बसते आणि पायाच्या अंगठ्याने रेटा देत झोके घेते. अंगठ्याचाच रेटा, पण माडीची जमीन कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या. तो रेटा समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याला कळतो. (कडीपाटातल्या कड्या वेगळ्या, झोपाळ्याच्या वेगळ्या. आमच्याकडे दोन्ही कुरकुरतात.)

भांड्यातल्या पाण्याला कळतं ते टर्नटेबलच्या, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्राच्या, सुईला कळणारच.

गेल्या वर्षी मी जुनं टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ घेतलं, साडेबारा किलोचं धूड. वडिलांच्या एलपी तबकड्या ट्रंकेत पडून होत्या. पहिली लावली ती फैयाज खाँसाहेबांची. खाँसाहेब बडोदे दरबारचे गवई, १९५० साली गेले तेही याच गावात. आजोबांनी त्यांना समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे आमच्या घरात ते नाव घेताना अजून कानाच्या पाळीला हात जातो. आलाप रंगात आला, आई झोपाळ्यावर बसली, आणि सुईने चार खाचा ओलांडून टुणकन उडी मारली.

"खाँसाहेब असं मध्येच तोडायचे नाहीत हो," आई म्हणाली. तिला तबकडी खराब वाटली. मला कारण कळलं होतं, पण बहात्तर वर्षांच्या बाईला झोपाळ्यावरून उठ कोणी सांगायचं?

आता लाज वाटावी असा भाग. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्स बघतो. कंप्रेसर, ब्लोअर, पंप यांच्या खाली कुठले माउंट (कंपनं अडवणारे पाय) घालायचे हे ठरवणं माझं पोटापाण्याचं काम. तिथे नवा पोरगा नुसतं "चांगले रबर मागवतो" म्हणाला तर मी त्याला आधी वजन विचारतो, मग फेरे, मग माउंट किती दबणार ते. आणि घरासाठी? रात्री अकरा वाजता फोनवर फोटो बघितला, टर्नटेबलखाली ठेवायचा ॲल्युमिनियमचा झळझळीत प्लॅटफॉर्म, त्याच्या खाली कंपनं अडवायला चार स्प्रिंगा, अकरा हजार रुपये, आणि दाबलं बटण. स्प्रिंग किती कडक हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

प्लॅटफॉर्म आला, टर्नटेबल त्यावर चढलं. आईने रेटा दिला. आधी सुई उडत होती, आता अख्खं टर्नटेबल मान डोलवायला लागलं.

मग रविवारी शहाण्यासारखं बसलो. फिफॉक्स म्हणून आखेनच्या विद्यापीठाचं एक फुकट ॲप आहे, ते फोनमधल्या सेन्सरवरून कंपनं मोजतं. फोन जमिनीवर ठेवला, मुलाला टाचा आपटत चालायला सांगितलं (असं काम तो आनंदाने करतो). जमिनीचा आलेख ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला आठ कंपनांच्या, जरा अलीकडे टोक काढून उभा राहिला.

मग टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा. आर्म आणि सुई यांचा मिळून स्वतःचा एक झोका असतो. तो किती हर्ट्झचा हे काढायचं तर गणित असं. आर्मचं परिणामी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारं) आणि कार्ट्रिजचं, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचं, वजन ग्रॅममध्ये मिळवायचं, सुईच्या लवचीकपणाने गुणायचं, त्याचं वर्गमूळ काढून १५९ ला भागायचं. माझा आर्म १२ ग्रॅमचा, कार्ट्रिज ऑर्टोफॉन २एम रेड ७.२ ग्रॅमचं, स्क्रू धरून वीस. लवचीकपणाही वीस. वीस गुणिले वीस चारशे, वर्गमूळ वीस, उत्तर ८ हर्ट्झ. खरं तर यात चूक काही नाही. हा आकडा ८ ते १२ मध्ये असावा असंच म्हणतात, म्हणजे वाकड्या तबकडीच्या संथ हेलकाव्यांच्या वर आणि गाण्याच्या खाली राहतो.

उरल्या स्प्रिंगा. त्यांचाही स्वतःचा आकडा असतो. हे गणित तर मला झोपेतही येतं. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते मोजा, त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा. माझ्या स्प्रिंगा ४ मिलिमीटर दबल्या होत्या. १५.८ भागिले दोन, ७.९.

जमीन आठ, आर्म आठ, स्प्रिंग आठ. सगोत्र लग्न लावू नये म्हणतात ते उगाच नाही. आम्ही तर तिघांना एकाच बोहल्यावर उभं केलं होतं.

कंपन स्प्रिंगच्या स्वतःच्या आकड्याच्या १.४ पटीच्या वर गेलं तरच ती ते अडवायला लागते. त्याच्या खाली ती काही अडवत नाही, आणि स्वतःच्या आकड्याशी तर उलट वाढवते. ८ हर्ट्झ अडवायचे तर स्प्रिंग ३ हर्ट्झची हवी, म्हणजे वजनाखाली इंचभर दबणारी. इतकी मऊ स्प्रिंग घातली की तबकडी बदलताना टर्नटेबल होडीसारखं हलतं. अर्ध्या हर्ट्झपर्यंत उतरणारे प्लॅटफॉर्मही मिळतात, मायनस के नावाची अमेरिकन कंपनी सूक्ष्मदर्शकांसाठी बनवते. आपल्यासाठी ते फोटोत बघायला.

मधल्या काळात बरेच उद्योग केले. स्क्वॉशचे अर्धे चेंडू: इतक्या खालच्या कंपनांना त्यांचा उपयोग शून्य. ग्रॅनाइटची लादी: जमीनच हलते तिथे लादी तिच्याबरोबर हलते, फक्त उचलताना कंबर जाते. स्कूटरची ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर फळी: हे मात्र खरंच चाललं, पण चौथ्या दिवशी हवा उतरून टर्नटेबल तिरकं. टेबल खोलीच्या मधून भिंतीलगत सरकवलं, तेव्हा फुकटात सगळ्यात जास्त फरक पडला. कड्या मध्ये लवतात, टोकाला भिंतीत बसलेल्या असतात.

तिथेच डोक्यात उजेड पडला. कारखान्यात यंत्रापासून जमीन वाचवायची असते, इथे जमिनीपासून यंत्र. मग जमिनीवर ठेवायचंच कशाला?

भिंतीवर फळी ठोकायची, पण कुठल्या? कडीपाटाच्या कड्या दोन लांब भिंतींत शिरलेल्या. झोपाळ्याची तुळई त्याच भिंतींवर. राहिली आडवी भिंत, देवघराकडची, पायापासून वर आलेली, दीड विटेची. मिस्त्रीने बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "साहेब, आ भीत चूनानी छे, आमां फास्टनर नहीं पकडे." बरोबरच होतं, चुन्याच्या भिंतीत फास्टनर धरत नाही. मग आरपार भोकं पाडली, आट्यांचे रॉड घातले, पलीकडून लोखंडी पट्टी आणि नट. अलीकडे अँगलचे ब्रॅकेट, वर जाड प्लायवूड. प्लॅटफॉर्म नाही, स्प्रिंग नाही, टेक्निक्सचे स्वतःचे रबरी पाय तेवढे. अडीच हजारांत काम झालं.

फोन फळीवर ठेवून मुलाला परत टाचा आपटायला लावल्या. ८ पाशी जो सुळका होता तिथे आता शोधावं लागतं. आई झोके घेत पूर्ण बाजू ऐकते. पट्टीवरच्या एका नटला तिने गोमुखी अडकवली आहे.

अकरा हजारांच्या प्लॅटफॉर्मवर सध्या मिक्सर आहे. हिचं म्हणणं, आवाज कमी झाला.

एक गोष्ट मात्र भिंतीनेही सुटलेली नाही. नवरात्रात मैदानावरचा ढोल हवेतून येतो, खिडकीची तावदानं थरथरतात, झाकण थरथरतं, सुईही थरथरते. त्यामुळे नऊ रात्री टर्नटेबलवर कापड, आणि आम्ही सगळे खाली मैदानात.