तुम्ही विचारलंत म्हणून : नुसते बोलून नैराश्य जाते का?

मी समुपदेशन करते हे कळले की हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. बोलायला मैत्रिणी आहेतच, मग त्यासाठी पैसे कशाला मोजायचे, ही त्यामागची शंका असते आणि ती मला रास्त वाटते. पण उपचारात नुसते बोलणे नसते, कृतीही असते.

अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची नैराश्यातले विचार तपासून बदलण्याची पद्धत प्रतिष्ठित झाल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी तिचे भाग सुटे करून पाहिले. नैराश्याच्या १५० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ दिनक्रमात कृती वाढवणारा भाग संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडला, हा त्याचा निष्कर्ष अनेकांना पचायला जड गेला. नैराश्यात माणूस फिरणे, भेटीगाठी, स्वयंपाक असे एकेक सोडत जातो. सोडल्यावर घटकाभर हायसे वाटते, पण समाधान देणारे प्रसंगही त्याबरोबर बंद होतात आणि मन आणखी खचते. चिंतेतही टाळण्याने मिळणारा तात्पुरता दिलासाच टाळण्याची सवय पक्की करतो. म्हणून आम्ही आठवडाभराची नोंद ठेवायला सांगतो, कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा मन कसे होते ते पाहतो, आणि त्यातून एखादी लहान कृती निवडून तिला ठरावीक वेळ देतो. बरे वाटण्याची वाट पाहायची नसते.

'ऊठ, कामाला लाग' हे घरचेही सांगतात, मग फरक काय? घरच्या सल्ल्यात कृती सांगणाऱ्याच्या सोयीची असते आणि ती जमली नाही की आळशीपणाचा शिक्का बसतो. आमच्याकडे न जमलेली कृती म्हणजे पुढच्या भेटीसाठीची माहिती असते, कारण ती मोठी होती, चुकीच्या वेळी होती, की त्या व्यक्तीला तिचे मोलच नव्हते, हे त्यातून कळते.

याचा आपल्या जवळचा पुरावा गोव्यातील आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत कृती वाढवण्याची हीच पद्धत वापरली. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के, तर नेहमीच्या सेवेत थोडी भर घालून दिलेल्या उपचारांच्या गटातील ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले दिसले. (हा दुसरा आकडा सांगायला आमच्यातले काही विसरतात.) वर्षानंतरही फरक टिकला होता, आणि त्यामागे कृतींत झालेल्या वाढीचा वाटा होता, असे पुढच्या विश्लेषणात आढळले.

यावरून कोणी गोळ्या बंद करू नयेत. तो निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यावा. आत्महत्येचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य असून चोवीस तास सुरू असतो.