पोळ्याच्या आधी की नंतर?

घट बसले त्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका गावात काविळीचे पेशंट निघायला लागले. दसरा उलटून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा फोन आला तोवर आकडा २३ झाला होता. मी एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुलांना साथरोगशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाचे चौघं सोबत घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले.

उपकेंद्रात पोचल्या पोचल्या तिघांनी टॅब काढून प्रश्नावली उघडली. चौथी आधी नर्सिंग शिकून आलेली. तिनं आशाताईंना पहिलंच विचारलं, "गावात गरोदर बायका किती आहेत?" चार होत्या, त्यातल्या दोघींना सातवा महिना सरलेला. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुधा हेपॅटायटिस ई असते आणि शेवटच्या तिमाहीत ती शंभरातल्या वीस-पंचवीस बायकांचा जीव घेऊ शकते. रक्ताचे नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत जाऊन अहवाल येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. ही मुलगी आशाताईंना घेऊन चारही घरी जाऊन आली, उकळलेलंच पाणी प्यायचं हे सासवांनाही समजावून आली, मग कामाला बसली. बाकीच्यांना मी त्या वेळी काही बोलले नाही, पण सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

दुपारपर्यंत यादी झाली. वरच्या गल्लीत १४ पेशंट, खालच्या गल्लीत ९. एकानं लगेच नकाशावर वरच्या गल्लीभोवती लाल गोल काढला. मी विचारलं, "लोक किती राहतात तिथं?" तो गप्प. आशाताईंच्या कुटुंब नोंदवहीतून मोजलं तर वरच्या गल्लीत ५६० माणसं, खालच्या गल्लीत ९०. म्हणजे वर शंभरात अडीच आणि खाली शंभरात दहा. लाल गोल पुसला गेला. छेदाशिवाय अंशाला अर्थ नसतो हे वर्गात सगळ्यांना पाठ असतं, पण समोर चौदा पेशंट दिसत असताना ते आठवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

आता पाण्याचं. प्रश्नावलीत प्रश्न होता, 'पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता?' तेवीसही घरांनी सांगितलं, नळ. आजारी नसलेल्या शेजारच्या घरांनीही तेच सांगितलं. मुलं वैतागली. हेपॅटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते आठ आठवडे जातात. त्यामुळे कालच्या पाण्याबद्दल विचारून हाती काहीच लागणार नव्हतं आणि 'सहा आठवड्यांपूर्वी काय झालं?' याला गावात कुणाकडेच उत्तर नसतं. तारखा कॅलेंडरात असतात, माणसांच्या लक्षात सण राहतात. मी म्हटलं, पोळ्यापासून सुरुवात करा.

आणि गाडी सुरू झाली. "पोळ्याच्या आधी नाली खोदली की ओ, तवा पाईप फुटला होता," खालच्या गल्लीतल्या एका बाईंनी सांगितलं. "दोन दिवस पाणी नव्हतं. मग आलं ते गढूळ."

वरच्या गल्लीची पाईपलाईन मात्र वेगळी. मग तिथले चौदा कुठून आले? याचं उत्तर आमच्या गटातल्या सगळ्यात अबोल मुलाला सापडलं. एका आजीजवळ तो ओट्यावर बसून राहिला, हातातला टॅब बंद करून. आजी नातवाबद्दल बोलत होत्या. "सकाळी दूध घालायला डेअरीवर जातो न् तिथंच तासभर टेकतो. तिथल्या रांजणातलं पाणी गार असतंय म्हणे." डेअरी खालच्या गल्लीत. मुलगा उठला आणि उरलेल्या तेरा घरी परत गेला. चौदापैकी अकरा जण रोज डेअरीवर जाणारे निघाले. आपल्या प्रश्नावलीत 'घराबाहेर पाणी कुठं पिता?' हा रकानाच नव्हता. ती प्रश्नावली मी तपासली होती, त्यामुळे ती चूक माझीही होती.

रात्री आम्ही गावातच राहिलो. पहाटे साडेपाचला पाणी सुटायच्या वेळी खालच्या गल्लीत जाऊन उभे राहिलो. जलसुरक्षक काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. नळाला आधी नुसती हवा, फुरफुर आवाज, मग करड्या रंगाचं पाणी, त्याला नालीचा वास. दोन मिनिटांत ते निवळलं आणि बायकांनी हंडे लावले. टाकीच्या पाण्यात ओटीचा, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर छान पिवळा रंग आला होता, म्हणजे क्लोरीन होतं. इथं नळीतलं पाणी पांढरंच राहिलं. सांध्याजवळचा चिखल उपसला तर नालीच्या तळाशी पाईप आणि त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाणी सुरू असताना दाबामुळे त्या फटीतून पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद झाला की रिकामा होणारा पाईप नालीतलं पाणी आत ओढून घेतो. १९५५-५६ साली दिल्लीत सांडपाणी यमुनेतून पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. परीक्षेत मुलांनी यावर पानभर लिहिलं होतं. इथं ते त्यांच्या पायापाशी वाहत होतं.

काका घाबरले. ट्यूब त्यांनीच गुंडाळली होती, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. त्या नर्स मुलीनं त्यांच्याकडून दुरुस्तीसाठी काय काय लागेल ते लिहून घेतलं, आणि ग्रामपंचायतीत बोलताना "काकांनी आम्हाला जागा दाखवली" असंच सांगितलं. ते खरंही होतं. दोष दिला असता तर पुढच्या वेळी कुणीच काही दाखवलं नसतं.

दुपारी सरपंच, ग्रामसेवक आणि पाचपन्नास माणसं पारावर जमली. पाईप नालीतून वर घ्यायचं ठरलं, रांजण रिकामा झाला, घरोघर पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर वाटायचं ठरलं. आणि सगळ्यात अवघड वाक्य अबोल मुलानं स्वतःहून मागून घेतलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "आज पाईप बदलला तरी अजून दीड-दोन महिने नवीन पेशंट निघतील. ज्यांनी आधीच ते पाणी प्यायलंय त्यांना ते आता उमटणार आहे. त्याचा अर्थ दुरुस्ती फसली असा घेऊ नका."

एकजण ओरडला, "मग उपयोग काय तुमचा?" तो बसला नाही. पुन्हा तेच, आणखी सावकाश सांगितलं.

तीन आठवड्यांनी आशाताईंचा फोन आला. "मॅडम, अजून दोघं निघाले. पण गाव शांत आहे. तुमच्या पोरानं सांगितलं होतं म्हणतात सगळे."