‘थीफ’चे पहिले दोन भाग: एक्स्पर्टवर, हेडफोन लावून

‘थीफ’ ही अंधारात लपतछपत चोरी करायच्या पीसी गेमची मालिका. आजची स्थिती अशी: ‘थीफ गोल्ड’ (पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती) एक्स्पर्टवर, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीवर, संपला, ‘थीफ टू’ शेवटच्या काही मिशनांवर आलाय आणि तिसरा भाग नुसता इन्स्टॉल करून ठेवलाय. पहिल्या दोन भागांबद्दल मत आता पक्कं झालंय आणि ते आपल्या मंडळींत नेहमी ऐकू येतं (भुतं-गुहांची मिशनं फालतू, खरी मजा हवेल्यांत) त्याच्या उलट आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गेम पंचवीस वर्षांहून जुने आहेत, त्यामुळे कथानक फुटेल याची फार काळजी घेतलेली नाही.

आधी सेटअप. गेम गॉग या ऑनलाइन दुकानातला, त्यावर टीफिक्स. नव्या लोकांसाठी सांगतो: २०१२ साली कुणीतरी टोपणनावाने हे गेम ज्यावर चालतात त्या जुन्या डार्क इंजिनची दुरुस्त आवृत्ती बाहेर सोडली. तिला न्यूडार्क म्हणतात. तेव्हापासून हे गेम आजच्या मशीनवर, रुंद स्क्रीनवर, न अडखळता चालतात. टीफिक्स आणि टीटूफिक्स हे त्याच्यावरच बांधलेले पॅक. एचडी टेक्स्चरं मी टाकली नाहीत. गार्डांचे चेहरे चौकोनी आहेत ते चौकोनीच राहू देत. पण ऑडिओच्या सेटिंगमध्ये ओपनएएल आणि एचआरटीएफ (हेडफोनमध्ये आवाजाची दिशा कळावी यासाठीच्या सोयी) चालू करा आणि स्पीकर बाजूला ठेवून हेडफोन घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सांगलीत ही अट पाळणं सोपं नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसवत नाही आणि हिवाळ्यात गळीत हंगाम. आमचं घर रस्त्याला लागून. रात्री बारा-एकनंतर सगळं शांत होतं, गार्डची पावलं कुठून येतायत याचा अंदाज घ्यायला लागावं, आणि तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर स्पीकरवर लग्नाच्या वरातीतलं गाणं लावून जातो. असा ट्रॅक्टर आला की मी पॉज करतो. घरच्यांना वाटतं मला ते गाणं आवडतं.

आता मुद्द्याकडे. ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ १९९८च्या अखेरीस आला. लुकिंग ग्लास स्टुडिओज ही अमेरिकेतल्या केंब्रिजची कंपनी, प्रकाशक आयडॉस. त्या काळात पहिल्या पुरुषातून खेळायचा गेम म्हणजे हातात बंदूक आणि समोर दिसेल त्याला गोळी. इथे गॅरेट नावाचा चोर आहे, तलवारीत कच्चा. दोन गार्ड एकदम अंगावर आले की संपलाच. स्क्रीनच्या खाली मध्यभागी एक रत्न असतं. तुम्ही उजेडात असाल तर ते उजळतं, अंधारात काळं पडतं. या रत्नाचं कौतुक सगळ्यांनी केलंय आणि ते योग्यच आहे. पण रत्न फक्त एवढंच सांगतं की तुम्ही दुसऱ्याला किती दिसताय. दुसरा कुठे आहे हे सांगणारं स्क्रीनवर काहीही नाही. ना नकाशावर ठिपके, ना भिंतीपलीकडून दिसणारे आकार. ते काम कानांनी करायचं.

पहिल्या मिशनमधल्या बॅफर्डच्या हवेलीचंच घ्या. विहिरीतून तळघरात शिरायचं, वर चढायचं, राजदंड उचलायचा आणि बाहेर पडायचं. वरच्या मजल्यांवर कुठे गालिचा, कुठे लाकूड, कुठे फरशी. गालिच्यावर धावलात तरी चालतं, फरशीवर साधं चाललात तरी खोलीभर ऐकू जातं. हाच नियम गार्डलाही लागू. तो गालिच्यावरून फरशीवर आला की त्याच्या पावलांचा आवाज बदलतो, आणि कोपऱ्यामागे उभं राहून तुम्हाला कळतं की तो नेमका कुठल्या दारापाशी पोचलाय. थोडं खेळलं की डोळे मिटूनही त्याची फेरी मोजता येते.

हे जमतं कसं, तर मिशन बांधताना प्रत्येक खोली इंजिनला वेगळी सांगितलेली असते आणि खोल्या दारांनी जोडलेल्या असतात. आवाज भिंत भेदून सरळ येत नाही. तो दारादारांतून वाट काढत येतो, दार बंद केलं तर दबतो. गार्डचे कानही हेच गणित वापरतात. माझा मिरजेचा एक मित्र सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढतो. गेमशी त्याचं काही देणंघेणं नाही. एकदा सहज घरी आला होता तेव्हा हेडफोन त्याच्या कानाला लावला. स्क्रीनकडे न बघता म्हणाला, “अरे, हा माणूस त्या भिंतीमागं हाय, पण आवाज इकडनं येतोय. दार इकडं असणार.” आणि दार तिकडंच होतं.

यात एक गंमत आहे. या गेमचा प्रकल्पप्रमुख ग्रेग लोपिकोलो हा आधी बॉस्टनच्या ‘ट्राइब’ नावाच्या रॉक बँडमध्ये बेस वाजवायचा. आवाजाची बाजू सांभाळणारा एरिक ब्रोशियस त्याच बँडचा गिटारवाला. व्हिक्टोरिया या पात्राचा आवाज देणारी टेरी ब्रोशियसही तिथलीच. वाजवणाऱ्यांच्या हातात गेम गेला आणि तो ऐकण्याचा झाला, यात नवल नाही. पार्श्वसंगीतसुद्धा गाणं म्हणून येत नाही. घुमणारा, ओढलेला एक नाद असतो. तो वाऱ्याचा की यंत्राचा की कुणी गुणगुणतंय, हे पटकन ठरत नाही.

एक्स्पर्टबद्दल एवढंच सांगतो की तिथे उद्दिष्टं बदलतात. जास्त लूट, एखादी जास्तीची वस्तू, आणि माणूस मारायचा नाही. बेशुद्ध करा, चालेल. कठीण म्हणजे गार्डला चार वार जास्त लागणार, असला आळशीपणा नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनीही मधल्या पातळीवर वेळ घालवू नये असं माझं मत आहे. सरळ एक्स्पर्ट लावा आणि सेव्ह करताना हात आखडता ठेवा. दर पाच पावलांवर सेव्ह केलं की भीती जाते, आणि भीती गेली की कान बंद होतात.

आता वादाची जागा. आपल्यात सर्रास म्हटलं जातं की पहिल्या भागातली मढी, भुतं, गुहा हे सगळं फालतू, खरी मजा हवेल्यांत. मीही हे बरीच वर्षं ऐकत आलोय. या खेपेला मात्र पटलं नाही. क्रॅग्सक्लेफ्टच्या तुरुंगात जायचं तर आधी बंद पडलेल्या खाणीतून जावं लागतं आणि तिथे झॉम्बी आहेत. तलवारीने ते कायमचे मरत नाहीत, पडतात आणि परत उठतात. पवित्र पाणी किंवा आगीचा बाण लागतो, आणि ते मोजकेच. म्हणजे लढायचं नाही, टाळायचं. टाळायला त्यांचं कण्हणं ऐकावं लागतं. ते कण्हणं खाणीत घुमतं, दिशा पटकन लागत नाही. हवेलीतला गार्ड शिट्टी वाजवतो, स्वतःशी बडबडतो, खाकरतो, तुम्हाला मदतच करतो. इथे मदत करणारं कुणी नाही.

पुढचं ‘बोनहोर्ड’ तर माझ्या मते पहिल्या भागाचं सगळ्यात धीट मिशन. खोल दफनभूमी, वाटा एकमेकींत गुंतलेल्या, नकाशा जवळजवळ निरुपयोगी. शोधायचं काय, तर क्विंटसचं शिंग. आणि ते शिंग वाजत असतं. लांबून, अगदी बारीक. एका फाट्यावर उभं राहायचं, मान फिरवायची, कुठल्या कानात जास्त येतंय ते बघायचं आणि त्या बाजूला जायचं. मध्ये थडगी, सापळे, झॉम्बी, आणि ढेकर देऊन विषारी वायू सोडणारे बरिक. पण मिशनभर धागा आहे तो त्या सुरांचा. लोक या मिशनला वैतागतात, बहुधा आवाज कमी ठेवून खेळल्यामुळे.

‘रिटर्न टू द कॅथीड्रल’बद्दल कुणाचंच दुमत नाही, म्हणून थोडक्यात: हॅमरराइट नावाच्या धर्मपंथाची भुतं, साखळ्यांचा आवाज, उलटसुलट पुटपुटणं. मी ते दिवसा खेळलो.

कमकुवत मिशनंही आहेत, नाही असं नाही. ‘लॉस्ट सिटी’ नुसतं लांबलचक. १९९९च्या ‘गोल्ड’ आवृत्तीत तीन मिशनं वाढवली, त्यातलं चोरांच्या संघाचं मिशन म्हणजे एकसारख्या भुयारांची दमवणूक. जादूगारांचे मनोरे बरे. तिसरं मात्र, ‘साँग ऑफ द कॅव्हर्न्स’, सांगलीकराने चुकवू नये. गुहांमधून वर येऊन तुम्ही थेट एका ऑपेरा हाऊसमध्ये निघता. रंगमंचाच्या मागचा भाग, कलाकारांच्या खोल्या, श्रीमंतांचे बॉक्स, गारगोट्यांसारख्या गुळगुळीत फरशा. नाट्यपंढरीत वाढलेल्या माणसाला विंगेतून चोरपावलांनी फिरण्याचं सुख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कॉन्स्टंटाइनच्या वाड्याचं वर्णन मुद्दाम करत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर काही न वाचता जा. एवढंच सांगतो की नकाशावर विसंबू नका.

आता ‘थीफ टू: द मेटल एज’. मार्च २०००मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडली. पंधरा मिशनं, जवळजवळ सगळी शहरी. झॉम्बी बहुतेक गायब. खेळणाऱ्यांनी जे मागितलं ते दिलं, असं म्हणतात. मिशनांची रचना पहिल्यापेक्षा सरस आहे यात वाद नाही. बँकेचं मिशन घ्या: चकचकीत फरशीचा दर्शनी दालन, जिथे लपायला सावली नाही आणि पाऊल टाकलं तर आवाज. शेवाळाचे बाण मारून फरशीवर मऊ पट्टे तयार करत पुढे सरकायचं. पहिल्या भागात हे बाण माझ्या भात्यात पडूनच राहिले होते, इथे ते कमी पडले.

पण दुसऱ्या भागात शत्रू बदललाय. कॅरासचे मेकॅनिस्ट (यंत्रं पुजणारा पंथ) आले, त्यांच्याबरोबर टेहळणीचे कॅमेरे, तोफा आणि चालती यंत्रं. मशाल पाण्याच्या बाणाने विझायची, विजेचा दिवा विझत नाही, त्याचं बटण शोधावं लागतं. यंत्रांच्या पाठीमागे बॉयलर असतो, तिथे पाण्याचे बाण मारले की ती थंड पडतात. ही कल्पना झकास आहे. ऐकायच्या बाजूने मात्र ही यंत्रं फार सोपी. खडखडाट करत, बडबडत येतात, तीन खोल्या आधीच कळतं. कॅमेऱ्याशी जो खेळ चालतो तो बघण्याचा: मान कधी वळते, दिवा हिरवा की पिवळा की लाल. गॅरेटच्या डोळ्याच्या जागीसुद्धा आता यांत्रिक डोळा बसवलाय, त्याने लांबचं जवळ आणता येतं. कान बाजूला पडून डोळा पुढे आला, हा माझा दुसऱ्या भागाशी खरा वाद. गेम मोठा झाला, नितळ झाला, आणि भीतीचा एक पदर निघून गेला.

याला मोठा अपवाद ‘लाइफ ऑफ द पार्टी’. छपरांवरून छपरांवर जात एंजलवॉच हा मेकॅनिस्टांचा मनोरा गाठायचा. वाटेत खिडक्या, माळे, कुणाच्या घरातलं भांडण, कुणाचा कट. थेट रस्ता धरला तर मिशन लवकर उरकेल, पण असं करणाऱ्याला माझा नमस्कार. मी प्रत्येक खिडकीत डोकावलो. दोराचा बाण लाकडात रुतवायचा आणि लोंबकळत आतलं बोलणं ऐकत राहायचं. गार्डांच्या गप्पा लिहिणाऱ्यांनी या मालिकेत कमाल केली आहे. पहिल्याच हवेलीच्या दारात दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींवर बोलत उभे असतात, तिथपासून हा वारसा चालत आलाय. गॅरेटचा आवाज स्टीफन रसेल यांचा. कंटाळलेला, तुच्छतेने भरलेला, आणि तरीही आपल्या बाजूचा वाटतो.

त्यानंतरची मिशनं जरा ओढूनताणून वाटतात. ‘केसिंग द जॉइंट’ आणि ‘मास्क्स’ ही लागोपाठची दोन मिशनं एकाच वाड्यात आहेत. एकदा पाहणी, एकदा चोरी. कल्पना कागदावर चांगली, पण दुसऱ्या खेपेला वाडा पाठ झालेला असतो आणि कान टवकारायचं कारण उरत नाही. मी सध्या इथेच आहे. ‘सोलफोर्ज’ बाकी. ते यंत्रांनी भरलेलं आहे म्हणे, त्यामुळे फार आशा धरलेली नाही.

तिसऱ्या भागात, २००४च्या ‘डेडली शॅडोज’मध्ये, डोकावून आलो. आयन स्टॉर्मने केलेला, पीसीबरोबर एक्सबॉक्ससाठीही. सावल्या आता खऱ्याखुऱ्या हलतात, दिसायला सुंदर. दोराचे बाण काढून टाकलेत, त्याऐवजी भिंत चढायचे हातमोजे. पोहता येत नाही. आणि नकाशे तुकड्यांत कापलेत, मध्ये लोडिंगची दारं. कापलेल्या दारापलीकडचं काही ऐकू येत नाही, ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी अडचण. स्नीकी अपग्रेड हा चाहत्यांनी केलेला पॅच टाकला की मिशनांच्या आतली ही दारं जातात, म्हणून तो टाकूनच सुरुवात करणार. शेलब्रिज क्रेडलची ख्याती ऐकून आहे. ते मिशन गळीत हंगाम संपल्यावर घेईन, मध्येच वरातीचं गाणं आलं तर सगळंच फुकट.

तोवर एक विचारायचं होतं: चाहत्यांनी बनवलेल्या मिशनांपैकी झॉम्बी असलेलं, पण भुयारात भरकटवणारं नसलेलं असं कुठलं आहे का? हवेल्यांची यादी माझ्याकडे भरपूर झाली आहे.