नऊ वाजून दहा मिनिटं, पण कुठल्या घड्याळात?

"तुमच्या पानावर लग्न चुकतंय," असं कुणी फोनवर म्हणालं की आमच्या ऑफिसातली नवी मुलं माना वर करून बघतात. मी सहा वर्षं कुंडलीचं सॉफ्टवेअर लिहितोय, मला आता त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. ती चुकली की बाराच्या बारा घरं सरकतात आणि खाली छापलेलं सगळं वाया जातं.

फोन साताऱ्याच्या ज्योतिषीकाकांचा होता. आमचं वेबपान ज्या प्रकाशकासाठी बनतंय त्यांनी तपासणीसाठी नेमलेले. वय सत्तरच्या पुढे, गणित हातानं करणारे, आणि आमच्या चुका काढण्यात त्यांना मनापासून आनंद होतो. "मुंबईचा जन्म आहे, 1944 चा. हाती लिहिलेल्या पत्रिकेत वृषभ लग्न, तुमचं यंत्र मेष दाखवतंय. यजमान पुण्यातच असतात, पत्रिका घेऊन दुपारी तुमच्याकडेच पाठवतो."

मी जरा तोऱ्यातच होतो. कारण सांगतो. आमचं गणित सर्व्हरवर होत नाही, माणसाच्या ब्राउझरमध्येच होतं. झुरिकच्या अ‍ॅस्ट्रोडीन्स्टनं 1997 मध्ये आणलेलं स्विस एफेमेरिस हे ग्रहांच्या जागा काढणारं सॉफ्टवेअर सी भाषेत लिहिलेलं आहे. ते आम्ही वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात, बांधून पानातच ठेवलंय. त्याच्या मुळाशी नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची ग्रहगणितं आहेत. सोबत दोन डेटा फाइली लागतात. 1800 ते 2399 या सहाशे वर्षांसाठी सगळ्या ग्रहांची मिळून एक, साधारण अर्ध्या एमबीची, आणि एकट्या चंद्राची जवळपास सव्वा एमबीची. चंद्र तेवढा नाटकी आहेच. एकदा पान उघडलं की नेट गेलं तरी कुंडली निघते आणि कुणाची जन्मवेळ कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. ग्रह विकलेच्या, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाच्याही आत बरोबर. त्या यंत्राला कुणी चुकीचं म्हटलं की मला ते घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागतं.

तरी तपासायला बसलो. आधी नेहमीचे संशयित. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, मार्च म्हणजे 2. हे ज्यानं ठरवलं त्याच्या पत्रिकेत बुध कुठे होता ते एकदा बघायचंय. महिना बरोबर होता. रेखांश पूर्वेचा, अधिक चिन्हासह, बरोबर. ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलगणितातला दिवसांचा सलग आकडा, मध्यरात्री नाही, दुपारी बारापासून सुरू होतो, तिथे अर्ध्या दिवसाचा घोळ व्हायचा, नव्हता. मग अयनांश. सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या राशीवरून निरयनात, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या राशीत यायला किती अंश वजा करायचे हा महाराष्ट्रातला जुना तंटा. आम्ही चित्रापक्षाचा, म्हणजे लोक ज्याला लाहिरी म्हणतात तो घेतो. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं, दोघांत जवळपास चार अंशांचा फरक. ती पत्रिका हाती लिहिणाऱ्या गिरगावातल्या जोशीबुवांनी 1944 मध्ये टिळक पंचांग उघडलं असेल, असं म्हणून तेही घालून पाहिलं. मेषच आली. अयनांश निर्दोष सुटला.

शेवटी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नुसती तारीख आणि वेळ घालून छापून पाहिली. 21 मार्च 1944, सकाळी 9.10. उत्तर आलं: जीएमटी+0630.

साडेपाच नाही, साडेसहा. दुसऱ्या महायुद्धात, 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत, हिंदुस्थानातली घड्याळं तासभर पुढे होती. जुने ज्योतिषी याला युद्धकालीन वेळ म्हणतात आणि जन्मवेळेतून तास वजा करतात. ब्राउझरच्या आतल्या टाइमझोनच्या तक्त्याला हे ठाऊक होतं, त्यानं मला न विचारता वजा केलं होतं. आमच्या टेस्टरला मात्र ठाऊक नव्हतं. त्यानं शंभर जन्म तपासले होते, सगळे कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून जमवलेले, एकही 1980 च्या आधीचा नाही. मला हे सहा महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं, ते वेगळं.

सापडलं म्हणून चहा मागवला. जोशीबुवा युद्धकालीन तास विसरले असणार, एवढंच. खात्री म्हणून तो तास काढून कुंडली मांडली.

मेषच. युद्धकालीन वेळ धरून मेषेचे पावणेचार अंश येत होते, आता साडेएकवीस. वृषभ अजून साडेआठ अंश दूर, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. चहा तसाच निवला.

चारच्या सुमाराला आजोबा आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, ताठ, हातात साडीच्या बॉक्समध्ये गुंडाळी. पत्रिका पिवळी पडलेली, कडेला हळदीकुंकवाचे डाग, अक्षर बोरूचं, टपोरं. वर गणपती, खाली चौकोनी कुंडली, आणि त्याखाली माझ्या कामाची ओळ: इष्टघटी 7, पळे 50.

जोशीबुवांनी किती वाजले हे लिहिलंच नव्हतं. सूर्योदयापासून किती घटी-पळं झाली ते लिहिलं होतं. घटी चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं. सात घटी पन्नास पळं म्हणजे तीन तास आठ मिनिटं. त्या दिवशी मुंबईत सूर्य उगवला आजच्या घड्याळाप्रमाणे 6.42 ला. त्यात तीन तास आठ मिनिटं मिळवली की होतात 9.50. आणि आजोबांच्या मामांच्या टिपणवहीत वेळ 9.10. चाळीस मिनिटांचा फरक.

चाळीस म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. 1906 मध्ये देशाला एक वेळ मिळाली, पण मुंबई महापालिकेनं आपली सोडली नाही. शहरात ती 1955 पर्यंत चालली. ब्राउझरच्या तक्त्यात अख्ख्या भारताला एकच नाव आहे, कोलकात्याचं, त्यात मुंबईची वेळ कुठेच नाही. मी हातानं चार तास एक्कावन्न घातले. वृषभ, दोन अंश. मिनिटभराच्या फरकानं जोशीबुवांशी मेळ बसला.

मी उठून जवळजवळ टाळी वाजवणार होतो. आजोबांनी चष्मा काढला.

"म्हणजे लग्नी शनी बरोबर?"

वृषभेला 27 अंशांवर शनी आहे, मी म्हटलं, लग्न वृषभ असेल तर तो पहिल्या घरातच.

"आई म्हणायची, लग्नी शनी आहे, सगळं उशिरा होईल याचं. नोकरी उशिरा, लग्न उशिरा, मूल उशिरा. कुणी घाई केलीच नाही हो माझ्यासाठी." मग स्क्रीनकडे बोट दाखवून, "आणि हे मघाचं? मेषेचं?"

मेष लग्न धरलं तर शनी दुसऱ्यात जातो आणि कर्केचा उच्चीचा गुरू चौथ्यात, केंद्रात येतो. मी ज्योतिषी नाही, मला फळं सांगता येत नाहीत आणि सांगायचीही नाहीत. पण सहा वर्षं या धंद्यात राहून, केंद्रात उच्चीचा गुरू ऐकल्यावर काका लोकांचा चेहरा कसा खुलतो ते पाहिलंय. आजोबांनाही ते ठाऊक होतं. काही बोलले नाहीत.

त्यांना पत्रिकेचीच बाजू ऐकायची असावी म्हणून मी समजावलं, की जोशीबुवांनी मुंबईची वेळ धरली आणि ती गिरगावात साहजिक होती. ते गुंडाळी बॉक्समध्ये घालता घालता म्हणाले, "पण वडील बीबीसीआय रेल्वेत होते ना. चर्चगेटला. घरचं घड्याळ ते रोज स्टेशनच्या घड्याळावरून लावायचे. आजूबाजूच्यांशी त्यावरून वाद व्हायचे."

रेल्वेचं घड्याळ प्रमाणवेळेचं. 1944 मध्ये म्हणजे युद्धकालीन. म्हणजे 9.10 हे आजचे 8.10, आणि मेष.

"जन्म घरीच झाला?"

"घरीच. आजीकडे, त्याच वाडीत समोरच्या खोल्यांत. वडील ड्यूटीवर होते. मामांनी लिहिलं. आजीकडे घड्याळ होतं की मामांनी मनगटावरचं पाहिलं, ते आता कोण सांगणार? आई म्हणायची, नळाचं पाणी नुकतंच गेलं होतं."

नळ महापालिकेचा. पालिका मुंबईच्या वेळेवर. मी खरंच पाचेक मिनिटं विचार केला की 1944 च्या गिरगावातलं पाणी सोडायचं वेळापत्रक कुठे मिळेल. मग लाज वाटली. ज्या यंत्रात ग्रह विकलेच्याही आत अचूक, त्याच्यासाठी मी नळाचं पाणी शोधत होतो.

आजोबांनी तिन्ही कुंडल्यांची प्रिंट मागितली. प्रिंटरमधून कागद निघताना विचारलं, "तुम्ही कुठली वर ठेवाल?" मी म्हटलं, आजोबा, तारखेच्या क्रमानं ठेवतो, तर म्हणाले, तारीख एकच आहे. हसले. गेले.

काकांना संध्याकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "युद्धकालीन वेळ तुम्ही काढून टाका, बाकीचं आम्ही बघू." प्रकाशकाच्या माणसानं सांगितलं की 1955 च्या आधी मुंबईत जन्मलेले ऑनलाइन कुंडली काढायला येणार किती, फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न नको, लोक फॉर्म सोडून जातात. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण जे येतील ते ऐंशीच्या घरातले असतील आणि त्यांच्याकडे गुंडाळी असेल.

मी तो प्रश्न घातलाच. 1955 च्या आधीचा मुंबईचा जन्म आला की पान विचारतं: घड्याळ कुठलं? रेल्वेचं, मुंबईचं, की माहीत नाही. पहिल्या दोनांचं गणित चालतं. तिसरं निवडल्यावर काय दाखवायचं ती ओळ फाइलमध्ये अजून रिकामी आहे, आणि प्रकाशकाच्या माणसाचा त्यासाठी काल पुन्हा फोन आला.